सगळ्यांच्या फॉर्मवर एकच नंबर

अप्पा गेल्याचं मला कोर्टाच्या व्हरांड्यात कळलं. माझा एक पक्षकार मोबाईल चाळत बसला होता. तो म्हणाला, "मॅडम, स्टँडसमोरचे फॉर्मवाले अप्पा गेले की हो. सकाळीच. अटॅक." मी "हां का" म्हणाले आणि त्याच्या कागदांत पुन्हा डोकं घातलं. लिंगायतांच्या रीतीनं दुपारी दफनविधी होता. मी गेले नाही. दोन तारखा होत्या हे खरं, पण नसत्या तरी गेले असते का, ते आज दीड महिन्यानंतरही सांगता येत नाही... त्या विचारानंच दमायला होतं.

मन्मथअप्पांचं दुकान म्हणजे आष्टीच्या स्टँडसमोरचा एक गाळा. आत एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले अप्पा. स्कॉलरशिप असो, वसतिगृह असो, आसपासच्या गावांतल्या पोरापोरींचे फॉर्म तिथंच भरले जायचे. स्वतः अप्पा दहावी नापास. "पर या दोन बोटांनी लई जणांना डॉक्टर केलंय," असं ते सांगायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, हे मी मान वर करून सांगते. पण पदवीच्या पुढं काय असतं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. वकिलीला जायचं तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते, हे मला अप्पांच्या दारावर चिकटवलेल्या कागदावरून समजलं. तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वडील म्हणाले, "एकदा बस परीक्षेला. नंबर लागला तर ठीक, न्हाई तर सोयरीक बघू." म्हणजे माझ्या हातात एकच डाव होता.

त्या वर्षाचा थकवा अजून अंगात आहे. सकाळची पहिली एसटी, मग तास, मग पाच वाजेपर्यंत ग्रंथालय. एकीकडं बी.ए.चे पेपर आणि दुसरीकडं ही परीक्षा. कायद्याचे प्रश्न वाचताना एका ओळीला तीनदा शब्दकोश उघडावा लागे. एसटीत उभ्यानं झोपायला मी त्याच वर्षी शिकले. त्यात परीक्षा कॉम्प्युटरवर, आणि मी तोवर माउसला हात लावलेला नव्हता. अप्पा म्हणाले, "दुपारी गिऱ्हाईक नसतं. येत जा." पहिल्या दिवशी मी माउस असा आवळला की ते हसायलाच लागले. "पोरी, नांगराचं रुमणं न्हाई ते! हलक्या हातानं." मग रोज तासभर मी सराव परीक्षा सोडवायची आणि ते मागं उभे राहून बघायचे. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही. पण उत्तर चुकलं की स्क्रीनवर लाल व्हायचं, तेवढं त्यांना पुरायचं. "वकीलबाई, अशानं तुमचा आशील फासावर जाईल की!"

आमच्याकडं तेव्हा एक पद्धतच होती. फॉर्मवर मोबाईल नंबर विचारला की अप्पा स्वतःचाच टाकायचे. पोरींकडं फोन नसायचा, वडिलांचा रिचार्ज संपलेला, भावाचं सिम दर दिवाळीला बदललेलं. त्यामुळं पन्नास-साठ जणांचे मेसेज अप्पांच्या एका फोनवर येत आणि अप्पा ज्याला त्याला निरोप धाडत. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

परीक्षा झाली. गुण चांगले पडले. कॉलेजांची नावं भरून दिली आणि मी वाट बघत बसले. अप्पा सांगतील, असं धरून चालले. आठवडा गेला तरी निरोप नाही म्हणून मीच दुकानात गेले. अप्पा पुतणीच्या लग्नासाठी परळीला जाऊन आदल्या संध्याकाळीच परतले होते. फोनमधले मेसेज वरखाली करता करता त्यांचा हात थांबला.

"पोरी... तुला नगरचं कॉलेज लागलं होतं गं."

"होतं म्हणजे?"

"काल शेवटची तारीख होती."

दुकानात चार माणसं झेरॉक्ससाठी उभी होती. त्यांच्यादेखत मी म्हणाले, "अप्पा, तुमी माझं वर्ष खाल्लं." त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या गावी आले. तोवर गावात पोरगी नापास झाल्याचं पसरलं होतं, आणि वडिलांनी मामाला स्थळासाठी फोन केला होता. अप्पा ओट्यावर बसले. मी आतूनच ऐकत होते. "चूक माझी हाय, पाटील. पोरगी पास हाय. तिला नापास धरू नका. अजून एक वर्ष द्या, एवढंच मागायला आलोय." वडील म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे हो. चहा आईनं नेऊन दिला. मी बाहेर आले नाही.

ते वर्ष मला अप्पांनीच मिळवून दिलं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी पुढचा फॉर्म मी कडा गावाला जाऊन दुसऱ्या दुकानात भरला. नगरला प्रवेश झाला, वकील होऊन परत आले. पेढे सगळीकडं वाटले, त्या गाळ्यात नाही. मी काळा कोट घालून स्टँडवरून जाऊ लागले की अप्पा पायरीवर येऊन उभे राहत. मी बघून न बघितल्यासारखं करत असे. चूक त्यांची होती, पण एवढी वर्षं ती ओढत राहिले मी...

गेल्या आठवड्यात अखेर मी त्या गाळ्यात गेले. दुकान आता त्यांचा मुलगा महेश बघतो. स्टुलावर एक मुलगी फॉर्म भरत बसली होती. आणि कॉम्प्युटरचा स्क्रीन तिच्याकडं तोंड करून ठेवलेला होता. महेश बाजूला मान वाकडी करून बसलेला.

"स्क्रीन असा का ठेवला रे?"

"अप्पांनीच फिरवला, ताई. लई वर्षं झाली. मान आखडती म्हणून कितीदा सांगितलं, ऐकलं न्हाई. ज्याचा फॉर्म त्याच्या डोळ्यापुढं पायजे, म्हणायचे. आन् नंबरचा रकाना आपण भरायचा न्हाई."

"नंबरच नसला तर?"

"परत धाडायचे. घरातला चालू नंबर घेऊन ये म्हणायचे. गिऱ्हाईक तुटलं लई. ते समोरच्या दुकानात जायचं."

त्यानं कीबोर्ड मुलीपुढं सरकवला आणि तोंड रस्त्याकडं फिरवलं. ती एका बोटानं एकेक आकडा शोधून दाबत होती. मध्येच चुकली, पुसलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. महेशनं घाई केली नाही. मीही मागं उभी राहिले, तिचे दहा आकडे पुरे होईपर्यंत.