पाच वर्षांनी कुठं असशील? माझं उत्तर चुकलं म्हणे

मंडळी, डोकं अजून तापलेलंच हाय, म्हणून लिहायलेय.

आमच्या उदगीरच्या एका व्यापारी संघटनेनं पोरा-पोरींसाठी नोकरीच्या तयारीचं मोफत शिबिर ठेवलंय. आज मुलाखतीचा सराव होता. मुलाखत घ्यायला खुद्द संघटनेचे अध्यक्ष, धान्य बाजारातले, म्हणजे मोंढ्यातले मोठे आडत दुकानदार.

त्यांनी विचारलं, "पाच वर्षांनी तू कुठं असशील?"

मी म्हणाले, "इथंच, सर. उदगीरात. तुमच्यासारख्याच कुणाच्या दुकानात कॉम्प्युटरवर."

सगळे हसले. सर म्हणाले, "अगं पोरी, इथं काय हाय? पंधरा दिवसाला नळ येतो. पुणं म्हणायचं, हैदराबाद म्हणायचं. उत्तर चुकलं तुझं."

मी विचारलं, "तुमच्या दुकानात जागा न्हाई का सर?"

"आमच्याकडं घरचीच माणसं असतात."

माझ्या मागची पोरगी शहाणी निघाली. "पुण्यात मॅनेजर" म्हणाली आणि टाळ्या घेऊन बसली.

सुटल्यावर दारात एक टेबल मांडलेलं. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, या मागणीचा अर्ज. त्या समितीचे अध्यक्षही हेच सर. "सह्या करून जा, तरुणांचा पाठिंबा दिसला पाहिजे," म्हणाले.

मी सही केली आणि पत्त्याच्या रकान्यात 'पुणे' लिहिलं.

सरांचा चेहराच उतरला. "अगं, हे काय लिहिलंस? इथलीच हायस ना तू?"

आता तुम्हीच सांगा, एका दुपारीत मी दोनदा चुकले, की सर?