समईमागची आई

धाकटी बहीण पुण्याहून कॅमेरा घेऊन येते, थोडे दिवस राहते आणि आमच्या घरातल्या बायकांची ‘स्मृती’ करून घेऊन जाते. मी सेलूत आईजवळच असते. तिच्या गोळ्या, गुडघे आणि गॅस माझ्याकडे. आठवण यायला आधी सोडून जावं लागतं. जवळ राहणाऱ्यांना ती सोय नाही.

यंदा तिच्या फोटोंचं प्रदर्शन परभणीत भरलं. स्त्री म्हणजे घराचा आरसा, असं काहीसं प्रमुख पाहुणे बोलले. त्यांची बायको मागच्या रांगेत त्यांची शाल मांडीवर घेऊन बसली होती. मधोमध आईचा माणसाएवढा फोटो. ओसरीवर बसलेली, केस मोकळे, डोक्यावर पदर नाही, आणि डोळे मिटून हसतेय. पडलेल्या दाताची जागासुद्धा दिसते. इतकी वर्षं एका घरात राहून हे हसू मला एकदाही मिळालेलं नाही. मी मोबाइल उचलला की ती आधार कार्डाचा चेहरा करते.

दिवा आईच्याच फोटोपुढे लावायचा, ही बहिणीची कल्पना. समई लागली, फुलं वाहिली गेली, आणि कुणीतरी उत्साहाच्या भरात फ्रेमला झेंडूचा हारही घातला.

तेवढ्यात चारठाण्याची मावशी पोचली. तिची एसटी उशिरा आली होती. दारातूनच तिने फोटो, हार आणि समई पाहिली आणि ती मटकन खाली बसली.

“कवा झालं गं पोरी? मला कळवलं बी न्हाई?”

मी काही सांगायच्या आत ती रडायला लागली. आई बाहेर चहा प्यायला गेली होती. आवाज ऐकून ती आत आली.

“कोण गेलं?”

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे.

“तू,” ती म्हणाली.

“मग रड की. थांबलीस कशाला?”

“रडायलेच होते. पण मेलेल्या बाईनं एवढं हसावं का अक्का?”

दोघी एकमेकींना धरून हसल्या. आईचं हसू थेट फोटोतलं. म्हणजे ते मावशीलाही मिळत होतं.

मी बहिणीला गाठलं. “तू असं काय केलंस, ती एवढी हसली?”

“मी काहीच नाही केलं. ती तुझी नक्कल करत होती. दूध उतू गेल्यावर तू कशी बोलतेस, ते.”

“मी कशी बोलते?”

“ते तिलाच विचार. लय भारी करते.”

परतीच्या रेल्वेत खिडकीजवळची जागा मिळाली. आईला नीट बसवलं आणि म्हटलं, “मला पण करून दाखव ना ती नक्कल.”

“तुझ्यापुढं कशी करू? तू रागावशील.”

“नाही रागावत.”

“हे बघ,” आई म्हणाली, “रागावलीस.”