ही पिशवी कोणाची?

मंदारचा फोन आला तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनशी हुज्जत घालत होते. कित्येक वर्षं रोज सकाळी दाराला फुलपुडी अडकवून जाणाऱ्या माणसाकडे त्याने आधार कार्ड मागितलं होतं, आणि तो बिचारा पुड्यांची टोपली घेऊन उन्हात ताटकळत होता. नियम नवा होता. अतिरेकी हल्ल्यानंतरच्या मीटिंगमध्ये त्या नियमासाठी हात वर करणाऱ्यांत मीही होते, म्हणूनच माझा आवाज जरा जास्त चढला असावा. तेवढ्यात फोन वाजला. "काकू, आई गेली," मंदार म्हणाला. "सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच..." फोन अजून कानालाच होता. वॉचमन विचारत होता, "मॅडम, मग फुलवाल्याला सोडू का आत?"

मंदारची आई, शैलाताई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या कल्याणला, मी डोंबिवलीला. जावाजावांचं जसं असतं तसंच आमचं होतं, म्हणजे एकमेकींच्या आमटीला नावं ठेवायची आणि कढत वाटी रिक्षाने पोचती करायची. माझ्या लग्नात सासूबाईंनी मला जे पहिलं भांडं दिलं, त्यावर माझं नाव घालून आणलं होतं ते शैलाताईंनीच. नाव घातल्याशिवाय घरातली वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा खाक्या. पण भांड्यांवर सगळेच नाव घालतात. शैलाताई पिशव्यांवर घालायच्या. जुन्या पँटींच्या कापडाच्या दणकट पिशव्या स्वतः शिवायच्या आणि त्यावर लाल ऑइलपेंटने, बारीक ब्रशने, नाव आणि फोन नंबर. माझ्या मुलीच्या कॉलेजच्या सॅकवरसुद्धा त्यांनी एकदा ब्रश चालवला होता. "मोठी काकू, अगं सगळे हसतात गं!" म्हणून ती रडकुंडीला आली, तर म्हणाल्या, "हसू देत. घाबरण्यापेक्षा हसलेलं बरं."

आणि त्यांचा तो प्रश्न. "ही पिशवी कोणाची?" लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, देवळाच्या पायरीवर, कुठेही एखादी पिशवी एकटी दिसली की त्यांचा खणखणीत आवाज उठायचा. उत्तर मिळेपर्यंत त्या जागच्या हलायच्या नाहीत. आमच्या भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी असाच सगळा कार्यक्रम अडवून धरला होता. खुर्चीखाली एक काळी हँडबॅग होती आणि मालक सापडेना. गुरुजी खोळंबले, मुलीकडचे कुजबुजायला लागले, आणि शेवटी कळलं की ती बॅग खुद्द नवऱ्या मुलीच्या आईची. आत अंगठीच होती! बाई घाईत विसरून सगळीकडे शोधत फिरत होत्या. त्या दिवशी ताईंचा मान वाढला, पण एरवी आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. त्या घरात आल्या की माझे मिस्टर स्वतःची पिशवी मुद्दाम सोफ्याखाली सरकवून ठेवायचे. ताई हसायच्या, आणि हसता हसता वाकून ती बाहेर काढायच्या.

हे कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दिवाळीच्या चकल्या पाडत होतो आम्ही दोघी. हे घडलं तेव्हा त्या मुंबईत नोकरी करत होत्या. संध्याकाळी बसथांब्यावर बाकावर बसल्या होत्या. एक म्हातारी बाई आली, म्हणून उठून तिला जागा दिली. बाकाखाली एक रेक्झिनची पिशवी होती. आजींना पाय नीट ठेवता येईनात, म्हणून ताईंनी ती पायाने आणखी आत सरकवली. तेवढ्यात त्यांची बस आली. बस दुसऱ्या सिग्नलला पोचली असेल नसेल, मागे स्फोटाचा आवाज झाला... "ती पिशवी तीच होती का, ते मला माहीत नाही," सोऱ्या दाबत त्या म्हणाल्या. "कोणाचा डबा असेल तिच्यात. असेलही. मीना, मी फक्त कोणाची म्हणून विचारायला हवं होतं गं. तीन शब्द." तेल तापलंय, एवढंच मी म्हणाले.

यंदाचा हल्ला झाला तो आपल्यापासून फार लांब. पण बातमीला अंतर नसतं आता. दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर तीच चित्रं होती. दुसऱ्या दिवशी बाजारपेठ बंद, चौकात काळे फलक, रिक्षांना काळ्या फिती. जो तो हळहळत होता, आणि खरंच हळहळत होता, त्यात खोटं काही नव्हतं. दोन दिवसांनी त्या हळहळीचं रूप पालटलं. सोसायट्यांच्या मीटिंगा झाल्या. गेटवर वह्या आल्या, कॅमेरे आले. कुरिअरवाल्याला नाव विचारायचं, भाजीवाल्याला नाव विचारायचं, आणि नाव ऐकून मग चेहरा बघायचा. आम्ही सगळे एका आठवड्यात शैलाताई झालो होतो, निदान आम्हाला तसं वाटत होतं. मीच मीटिंगमध्ये उठून म्हणाले, "माझ्या जाऊबाई वर्षानुवर्षं हे करतायत, त्यांना बोलवू या." ज्यांची टिंगल केली त्यांना मी पहिल्यांदाच मिरवत होते. ताई आल्या, चार वाक्यं बोलल्या. टाळ्या पडल्या. त्या मात्र जिना उतरताना म्हणाल्या, "हे लोक वेगळंच काहीतरी विचारतायत, मीना." मला तेव्हा ते कळलं नाही. खरं म्हणजे टाळ्यांमुळे मी खुशीत होते.

त्याच शनिवारी मैदानावर श्रद्धांजलीची सभा होती. मेणबत्त्या, फुलं, बरीच गर्दी. ताई माझ्याबरोबर होत्या. कडेच्या झाडाखाली एक खाकी कॅनव्हासची पिशवी पडलेली त्यांना दिसली, आणि सवयीप्रमाणे त्यांनी विचारलं, "ही पिशवी कोणाची?" पाणपोईकडून एक माणूस लगबगीने आला. पंचेचाळिशीचा, अर्धे केस पिकलेले. "माझी आहे ताई, माझी. पाणी प्यायला गेलेलो." संपलं होतं खरं तर. ताईंनी मान हलवली, तो वाकून पिशवी उचलायला लागला. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "ए, थांब. नाव काय तुझं?"

त्याने नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, त्या संध्याकाळी ते पुरेसं उच्चारून झालं. पिशवी ओढून उलटी केली गेली. पकडी, स्क्रू ड्रायव्हर, गॅसचा मीटर, वायरचं वेटोळं, डबा. "वायर बघ, वायर बघ!" असा गलका झाला. तो सांगत होता, "एसीचं काम करतो साहेब, टिटवाळ्याला राहतो, मी पण मेणबत्ती लावायलाच आलेलो..." पहिली थप्पड कोणी मारली ते मला दिसलं नाही. डबा उघडून भात गवतावर सांडला होता, ते दिसलं. ताई त्या घोळक्यात घुसल्या. एवढ्याशा बाई त्या, पण आवाज तोच खणखणीत. "अरे, मी पिशवी कोणाची ते विचारलं! माणूस कोणाचा ते नव्हतं विचारलं! मिळालं ना उत्तर? सोडा त्याला!" कोणी ऐकेना. त्या खाली बसून त्याची हत्यारं गोळा करायला लागल्या. आणि मी काय केलं, तर त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर ओढलं. "चला ताई, आपण नको यात पडायला. चला." त्या वळून वळून मागे बघत होत्या. मी त्यांना रिक्षात बसवलं.

पोलिसांनी तासाभरात त्याला सोडून दिलं, चौकशीत काहीच निघालं नाही. पण व्हिडिओ तोवर आमच्या ग्रुपवर येऊन पोचला होता, 'संशयित पकडला' म्हणून. मी लिहायला घेतलं, 'तो एसी दुरुस्तीवाला आहे, मी तिथे होते.' मग विचार केला, विषयाला उगाच फाटे फुटतील, उद्या सगळे आपल्याकडे वळतील. लिहिलेलं पुसलं. खाली हात जोडल्याची आणि झेंड्याची चित्रं येत राहिली.

त्यानंतर ताईंनी विचारणं सोडलं. एकदा कल्याणच्या दवाखान्यात आम्ही नंबर लावून बसलो होतो, समोरच्या खुर्चीवर कोणाची तरी पिशवी होती. त्यांनी ती बघितली. ओठ हलले, आवाज आला नाही. बाकाखाली सरकवलेल्या पिशवीचं ओझं त्यांनी इतकी वर्षं त्या एका प्रश्नावर पेललं होतं, आणि आता तो प्रश्नच त्यांच्याकडून काढून घेतला गेला होता. थोड्या वेळाने एका बाईंनी येऊन पिशवी उचलली, तेव्हा ताईंनी रुमालाने कपाळ पुसलं. मी म्हटलं, "बरं केलंत सोडलंत ते. किती त्रास करून घ्यायचा?" असं मी म्हणाले.

शेवटच्या आल्या त्या दिवशी आमच्या गेटवर वॉचमनने त्यांनाही वहीत नाव लिहायला लावलं. वर येऊन पाणी प्यायल्या आणि पर्समधून एक पक्कड काढून टेबलावर ठेवली. पिवळ्या मुठीची. "त्याची राहिली माझ्या हातात," म्हणाल्या. "तू ओढलंस ना, तेव्हा. हत्याराशिवाय माणूस काम कसं करणार? टिटवाळ्याला जाऊ या का गं आपण? विचारत विचारत सापडेल." मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "ताई, झालं गेलं ते उकरून कशाला काढायचं? आणि हा उकाडा बघा. पाऊस पडून गेला की बघू." त्यांनी पक्कड परत पर्समध्ये ठेवली. "बरं," म्हणाल्या. जाताना माझ्या आमटीला नाव ठेवलं नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

दिवस झाल्यावर मंदारने त्यांच्या कपाटातली एक पिशवी माझ्या हातात दिली. "काकू, ही तुझ्यासाठी असेल बहुतेक. वर चिठ्ठी टाचली होती, मीनाबरोबर जायचं म्हणून." नवीन होती. भाऊजींना, म्हणजे मंदारच्या बाबांना, कुठल्याशा लग्नात आहेर मिळालेलं, कधीच न शिवलेलं पँटपीस त्यांनी तिला वापरलं होतं. आत ती पक्कड आणि एक नवा स्टीलचा डबा. बाहेर लाल ऑइलपेंटने नाव घातलं होतं. मला वाटलं, त्या माणसाचं असेल. नव्हतं. त्यांचं स्वतःचं होतं, पूर्ण, आडनावासकट, खाली त्यांचा फोन नंबर. आधी वाटलं, सवयीने घातलं असेल. मग डब्याचं झाकण उघडलं, त्यावरही तेच नाव कोरून घेतलेलं.

मी टिटवाळ्याला गेले. पाऊस पडायची वाट न बघता, भर उन्हात. स्टेशनबाहेर एका दुकानात त्या एसीवाल्याची नावानिशी चौकशी केली, तर दुकानदाराने मलाच आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही कोण? कशाला पाहिजे?" मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं. मग त्याने एका नव्या कॉम्प्लेक्सकडे बोट दाखवलं, तिथली कामं तो करायचा म्हणाला. त्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर माझ्यापुढे एक नळदुरुस्तीवाला होता. वॉचमनने त्याची पिशवी पार तळापर्यंत उपसली, एकेक वस्तू फरशीवर मांडायला लावली. मग माझी पाळी आली. मी पिशवी पुढे केली. आत पक्कड होती, ती निघाली तर काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. वॉचमनने पिशवीवरचं ताईंचं नाव वाचलं, आडनाव वाचलं, आणि आत न बघताच म्हणाला, "जा मॅडम."

तेव्हा मला कळलं, सवय नव्हती ती.

मी तिथेच त्याला त्या माणसाबद्दल विचारलं. "तो होय? त्याला आता यायला बंदी केलीय इथे," वॉचमन सहज म्हणाला. "व्हिडिओ आलेला ना त्याचा. आता कुठे असतो काय माहीत. विठ्ठलवाडीला भाऊ आहे म्हणतात त्याचा." मी परत फिरले. लिहून पुसलेलं ते एक वाक्य सगळ्या वाटेत माझ्याबरोबर होतं.

पिशवी आता आमच्या दारामागच्या खिळ्याला आहे. ज्याच्या हातात ती जाईल त्याला उद्या कोणी अडवलं, तर त्याने ताईंच्या नावाकडे बोट दाखवायचं, खालच्या नंबरवर फोन लावायचा, आणि ताईंनी पलीकडून खणखणीत आवाजात सांगायचं की हो, माझी आहे, असा त्यांचा हिशेब होता. पण तो नंबर आता लागत नाही. मंदारने बंद करून टाकला. म्हणून काल मी ऑइलपेंटची छोटी डबी आणली आणि त्याखाली माझं नाव आणि माझा नंबर घातला. अक्षर वाकडं आलं, एक ओघळही आला. ताई बघत्या तर म्हणाल्या असत्या, तुला धड ब्रशही धरता येत नाही. रंग पुरता वाळायला वेळ लागतो. वाळला की विठ्ठलवाडीला जाणार आहे.

मघाशी कामाच्या बाई केर काढता काढता थबकल्या. "ताई, ही पिशवी कोणाची वो?"

"माझी," मी म्हटलं. "हात लावू नका, ओली आहे अजून."