सिस्टरबाईंची नखं

प्रार्थना सुरू झाली की आमच्या चर्चच्या मंडळीत सगळे डोळे मिटायचे, एकट्या सिस्टरबाई सोडून. त्या शेवटच्या बाकावर टक्क डोळे उघडे ठेवून बसायच्या. पाळकसाहेबांनी एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "डोये मिटले का मले माहाच आवाज ऐकू येते. उघडे ठेवले का देवाले काय काय ऐका लागते, ते दिसते."

टोला कोणाला होता, हे अख्ख्या मंडळीला कळलं. लांबलचक प्रार्थना करण्यात माझा हात धरणारा राजुऱ्यात कोणी नव्हता. बाप्तिस्मा असो की नवी बोअरवेल, प्रार्थनेला शाळेचे मास्तर, म्हणजे मीच. आवाज कुठे भरून आणायचा, तेही ठरलेलं. एकदा असाच गहिवरून 'आमेन' म्हटलं, तर बाहेर चपला घालताना बाई म्हणाल्या, "मास्तर, रडता रडता एक डोया उघडून पाह्यलं ना, कोण कोण रडून राह्यलं ते?"

पाहिलं होतं हो! म्हणून तर इतका राग आला. पुढचे दोन रविवार मी त्यांना सलामसुद्धा केला नाही.

बाईंचं सगळं आयुष्य अहेरीकडच्या जंगलातल्या गावांमध्ये नर्स म्हणून गेलं. लग्न केलं नाही. किती बाळंतपणं केली, त्यांनाच ठाऊक. मंडळीत एकदा सर्वांनी आग्रहानं त्यांना, देवानं आयुष्यात काय केलं याची साक्ष द्यायला उभं केलं. बाई उभ्या राहिल्या, "पगार भेटे," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्या अंथरुणाला खिळल्या, त्याच वर्षी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाची निवडणूक होती आणि मला पंच व्हायचंच होतं. आजाऱ्यांच्या भेटी मी धडाक्यात सुरू केल्या होत्या. बाईंकडे द्राक्षं घेऊन गेलो, उशाशी उभं राहून प्रार्थना केली आणि मंडळीच्या ग्रुपसाठी फोटो काढला.

"फोटो निघाला असन तर बसा," बाई म्हणाल्या. "माहे हात थरथरते. नखं वाढले. कापून द्या. अन् हे ग्रुपवर टाकाचं नाई. कोणाले सांगाचंही नाई."

माझं तोंड एवढंसं झालं. पण नाही तरी कसं म्हणणार? त्यानंतर दर शनिवारी सकाळी जाऊ लागलो, बाकीच्या भेटी मागे पडल्या. नखं कापायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, गप्प परत यायचं. मनात म्हणायचो, कधीतरी हे आपोआप बाहेर येईलच!

आलं ते भलतंच. निवडणुकीच्या सभेत एकजण उठून म्हणाला, "मास्तर आजकाल आजाऱ्यांकडे फिरकत नाईत. सिस्टरबाईकडचा एक फोटो, बस!" उत्तर ओठावर आलं होतं. दात आवळून बसलो आणि सपाटून पडलो.

तसाच तणतणत बाईंकडे गेलो. "तुमच्यापायी पडलो मी!"

बाई खोकला लागेस्तोवर हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस नखं माहे नाई, मंडळीचे कापून राह्यले होते का?" आणि हात पुढे केला. "घ्या. आता कापा. आता पाहू."

मला रडू आलं. खरंखुरं, बघायला बाईंशिवाय कोणी नव्हतं. नेलकटर घेतलं आणि एकेक बोट धरून सावकाश नखं कापली. झाल्यावर त्यांनी हात न्याहाळला. "मी गेल्यावर सांगसानच, मले मालूम आहे," म्हणाल्या. "सांगा. पन पुरं सांगा."

त्या आठवड्यातच बाई गेल्या. शवपेटीत हात छातीवर ठेवले होते. बायका कुजबुजल्या, "नखं पाहा किती साफ! पाळकीणबाईनंच केलं असन." पाळकीणबाईंनी नम्रपणे मान खाली घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी एक अक्षर बोललो नाही. मनातल्या मनात स्वतःची पाठ मात्र थोपटून घेतली. इथपर्यंतचं मी पुष्कळांना सांगितलंय.

पुरं सांगायचं तर पुढचं एवढंच. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, सगळ्यांनी डोळे मिटले. मी एक डोळा उघडा ठेवला होता, नखांकडे आणखी कोण कोण बघतंय ते पाहायला.