साहेबांच्या आजोबांची रजा

साहेबांनी फ्रेम माझ्या हातात दिली आणि म्हणाले, जपून धर, काच जुनी आहे.

इथे आयर्लंडमध्ये मोठ्यातला मोठा डॉक्टरसुद्धा आपल्याला पहिल्या नावाने हाक मारायला सांगतो. मी तोंडाने मारते. मनात मात्र साहेबच म्हणते. सवय म्हणून नाही. सावध राहायला बरं पडतं म्हणून.

आमच्या हॉस्पिटलातली कॉफीची खोली. साहेब, दोन नर्सेस, आमचा रजिस्ट्रार डॉक्टर, दादा, आणि मी. फोटोत एक व्हरांडा. वेताच्या खुर्चीत गोरा तरुण, मांडीवर टोपी. मागे खांबापाशी एक सावळा माणूस उभा, बंद गळ्याचा कोट, हातात चामड्याची बॅग.

"माझे आजोबा," साहेब म्हणाले. "ब्रिटिशांच्या काळात तुमच्या पुण्यात सरकारी डॉक्टर होते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आजोबांची काही वर्षं नोकरी झाल्यावर सरकारने त्यांना शिकायला रजा दिली. चांगली वर्षभराची. पगार चालू. ते बोटीने डब्लिनला आले, वरची परीक्षा पास झाले, परत गेले आणि बढती घेतली. त्या काळी सरकार आपल्या माणसांची काळजी घ्यायचं, असं साहेब फार प्रेमाने म्हणाले. एवढं बोलून त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. त्याची स्टडी लीव्ह मंजूर झाली होती. डब्लिनला जा, निवांत पेपर दे, म्हणाले.

मग माझ्याकडे वळले.

"तू आहेस ना त्याचं काम बघायला. म्हणजे सगळं ग्रँड."

नर्सेस हसल्या. दादा हसला. माझ्या हातात फ्रेम होती, ती धड खालीही ठेवता येईना.

त्याच परीक्षेला मीही बसणार होते. फी भरून झाली होती. आणि रजा मी दादाकडे कधीच मागून ठेवली होती.

दादा पुण्याचा. माझ्यापेक्षा एक पायरी वर. ड्युट्यांचा रोस्टर तोच लावतो. हॉस्पिटलातले सगळे मराठी लोक त्याला दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागले. मी नवीन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने घरून पोह्यांचा डबा आणून दिला होता. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, गोंधळू नकोस, हेही त्यानेच सांगितलं. मग विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? मी म्हटलं, हिंगोलीचे. "हां, पण मूळचे?" तो म्हणाला. मला कळलं तो काय विचारतोय. मी आडनाव सांगितलं. त्यालाही कळलं. त्यानंतर तो माझ्याशी आणखीच गोड वागायला लागला.

मला गोड माणसांचा संशय येतो. आजही येतो. दादाचाही आला होता. पण परक्या देशात, पाऊस आणि अंधार यांच्या मधोमध, कोणी आपल्या भाषेत "जेवलीस का गं?" विचारलं की संशयसुद्धा ढिला पडतो. माझा पडला.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याला रजा हवी त्याने आपल्या जागी उभं राहणारा माणूस स्वतः शोधायचा. त्याला कव्हर म्हणतात. मी सगळ्यांची कव्हर होते. कोणाचं लग्न, कोणाची परीक्षा, दादाच्या घरचा गणपती. गणपतीला मला बोलावलं होतं खरं, पण त्या दिवशी वॉर्डात दादाच्या जागी मीच होते. हे त्यालाही ठाऊक होतं. बोलावणं पाठवताना ठाऊकच होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी त्याच्याकडे गेले. कंत्राटात माझ्या जागेलाही स्टडी लीव्ह आहे, थोडी, पण आहे. तो म्हणाला, "अर्जबिर्ज लगेच टाकू नकोस. इथे आधी बोलायचं असतं. मी बोलतो ना साहेबांशी. ट्रस्ट मी."

मी विश्वास ठेवला. का ठेवला? कारण आपल्याकडे असंच चालतं हे माझ्या अंगात भिनलेलं. कागद मागाहून, आधी कोणाचा तरी शब्द. आयरिश मुलगी असती तर तिने त्याच दिवशी ईमेल टाकला असता. मी मात्र दादा कधी बोलतोय याची वाट बघत बसले. काही आठवड्यांनी त्याने मान हलवत सांगितलं की जमत नाहीये, माझी पोस्ट नुसती सर्व्हिसची, म्हणजे कामापुरती आहे, ट्रेनी लोकांचं आधी बघतात, साहेब नाही म्हणाले. मी म्हटलं, बरं.

ही परीक्षा म्हणजे माझ्यासाठी काय, तेही सांगते. ती पास झाल्याशिवाय ट्रेनिंगची जागा नाही. ट्रेनिंगची जागा नाही म्हणजे सहा-सहा महिन्यांची कंत्राटं. दर खेपेला नवं गाव, नवी खोली, नवा रोस्टर, आणि पुन्हा दुसऱ्यांची कव्हर. माझ्या बॅगा या देशात पूर्ण रिकाम्या कधी झाल्याच नाहीत. मी शिकायला आले होते. नुसतं राबायला नाही.

बाबा जिल्हा रुग्णालयात शिपाई होते. तिथल्या डॉक्टरांना पुढच्या शिक्षणासाठी रजा मिळायची. बाबा त्यांच्या बॅगा स्टँडवर पोचवायचे आणि घरी येऊन कौतुकाने सांगायचे, साहेब शिकून येणार. माझा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. तिथले साहेब म्हणाले, निकाल पोरीचा, तुझं काय काम? बाबांनी ते घरी हसत सांगितलं. मी हसले नाही. माझा राग तिथून सुरू होतो.

म्हणून त्या फोटोत माझी नजर खुर्चीवर थांबलीच नाही. ती बॅगवाल्यावर गेली.

मी साहेबांना विचारलं, "तुमचे आजोबा वर्षभर इथे होते, तेव्हा तिकडे त्यांचं काम कोण करत होतं?"

साहेब थांबले. त्यांनी फोटोकडे असं पाहिलं की जणू तो पहिल्यांदाच बघतायत. मला वाटलं, हा माणूस आता काहीतरी गोड बोलून निसटणार. पण ते खरं बोलले.

"माहीत नाही. असेल कोणीतरी तिथलाच."

"त्याला मिळाली का रजा? शिकायला?"

एक नर्स कप विसळायला उठली. दादा मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "इथे नको हा विषय. आपण नंतर बोलू."

मी इंग्रजीतच बोलले. मुद्दाम. साहेबांना प्रत्येक शब्द कळावा म्हणून. मी म्हटलं, मी दादाची कव्हर होणार नाही. त्याच परीक्षेला मीही बसतेय. रजा मागितली होती, तुम्ही नाकारलीत.

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मी? माझ्याकडे तर हा विषय आलाच नाही. हा म्हणाला होता, तुला परीक्षांमध्ये रस नाही. तू कामात खूश आहेस."

मी दादाकडे पाहिलं. तो मोबाइल बघत होता.

संशय खरा ठरला की माणसाला बरं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. मला तो पोह्यांचा डबा आठवला.

कॉरिडॉरमध्ये तो मागून आला. आवाज चढवला नाही त्याने. समजूतदारपणे बोलत होता. म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच केलं गं. नापास झाली असतीस तर रेकॉर्डला लागलं असतं. तुला एक्झामचं टेम्परामेंट नाही. आणि सगळ्यांसमोर तमाशा कशाला? तुमच्या लोकांचं हेच असतं, लगेच अन्याय."

"तुमच्या म्हणजे कोणाच्या?"

तो घड्याळ बघायला लागला. मी उभी राहिले. मला उत्तर हवं होतं, त्याच्या तोंडून, त्या शब्दासकट. पुण्यात असता तर मित्रांमध्ये बोललाही असता. इथे पांढऱ्या भिंतींच्या कॉरिडॉरमध्ये, गळ्यात ओळखपत्र असताना, बोलवेना त्याला. त्याचा बीपर वाजला आणि तो वॉर्डकडे गेला.

मी तिथेच खिडकीशी उभी राहून रजेचा अर्ज फोनवर लिहिला. साहेबांना पाठवला, प्रशासनालाही पाठवला. साहेबांचं उत्तर दुपारीच आलं. काहीतरी मार्ग काढू, म्हणतात. शेवटी हसरा चेहरा. मला त्या हसऱ्या चेहऱ्याचाही संशय आहे. ते वाईट नाहीत. पण आजोबांची गोष्ट त्यांनी आयुष्यभर सांगितली आणि बॅगवाल्याबद्दल एकदाही विचारलं नाही. अशा चांगुलपणावर मी माझी परीक्षा सोडणार नाही.

हॉस्पिटलातल्या मराठी लोकांच्या मोबाइल ग्रुपवर मला आता कोणी उत्तर देत नाही. देऊ नका.

रजा अजून मंजूर झालेली नाही. डब्लिनच्या बसचं तिकीट मी काढलंय. मंजुरी आली तर ठीक, नाही आली तर परीक्षेच्या आदल्या दिवशी मी साहेबांसमोर उभी राहून सांगेन की मी जातेय. त्यांनी कंत्राट पुढे वाढवलं नाही तर नाही. बॅगा भरलेल्याच आहेत.

माझ्या वतीने यापुढे कोणीही बोलणार नाही. दादा नाही, साहेब नाही. आणि इथून पुढे जो कोणी शिकायला जातो म्हणून माझ्याकडे येईल, त्याला मी सगळ्यांसमोर विचारणार: तुझ्या जागी मी उभी राहते, पण माझी पाळी कधी? तारीख सांग, मग जा.