फळ्याखालचं नाव

परशराम आण्णांना कुठलीही बातमी सांगायला गेलं की ते हातातला खडू आधी कानावर खोचत आणि विचारत, "बघितलास काय ऐकलास?" घरात चार माग असलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. सगळं आयुष्य मागाच्या खडखडाटावरून ओरडण्यात गेल्यामुळे आण्णांचा हा खाजगी प्रश्न बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाई. "बघितलं," म्हटलं तर ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर बातमी लिहीत आणि खाली रेघ मारून ‘सांगणार’ म्हणून तुमचं नाव घालत. "ऐकलं," म्हटलं तर म्हणत, "मग ज्येच्याकडनं ऐकलास त्येला घिऊन ये जा."

यावरून कुणाला वाटेल की फळ्यावर फक्त सत्य उमटत असे. तसं काही नव्हतं. एकदा ‘उद्या नळाला पाणी नाही’ असं झळकलं आणि गल्लीनं हंडे, पिंपं, लग्नातली पातेली, इतकंच काय, एका घरानं पाळणासुद्धा ताडपत्री घालून भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी नळाला असं पाणी आलं की ठेवायला जागा नाही म्हणून लोकांनी रस्ते धुतले. माझा दहावीचा निकालही मला आण्णांच्या फळ्यावरच कळला : ‘सुभाष नापास. सांगणार : वसंत.’ मी पास होतो. गल्लीतल्याच वसंतानं पेपरात नंबर बघताना एक ओळ खालची वाचली होती. पण हे उघडकीला येईपर्यंत वडिलांचं मला जे द्यायचं ते देऊन झालं होतं. खरा निकाल कळल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "असू दे. बारावीच्या खात्यावर जमा धर."

आईनं मात्र पदर खोचला आणि वसंताचं दार इतकं बडवलं, की तो पुढं बरेच दिवस आमच्या घरावरून जाताना सायकलवरून उतरत असे.

तर असे हे आण्णा. पण इंटरनेट आल्यापासून त्यांचं ठाम मत झालं होतं, "फोन आला आणि माणूस खोटं बोलाय शिकलं बघ. आमच्या टायमाला खोटं हुतं काय रं?" मी कॉलेजात शिकवतो, त्यामुळे या विषयातला अधिकारी आहे असा एक समज गावात होता आणि तो मी कधी खोडून काढला नाही. ‘इंटरनेट : शाप की वरदान’ हे माझं व्याख्यान बेळगावात बरंच चालायचं. ज्येष्ठ नागरिकांपुढं असेल तर शाप, कॉम्प्युटर क्लासच्या उद्घाटनाला असेल तर वरदान. टिपणं एकच, शेवटचं पान तेवढं बदलायचं. दुर्दैवानं आण्णा एकाच आठवड्यात दोन्हीकडं येऊन बसले आणि परतताना भर रस्त्यात ओरडले, "सुभाष, सोमवारी वरदान हुतं की रं! शुक्करवारी शाप झालं. मधी काय झालं?"

मी चिडून गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव ‘आपली गल्ली’. फळ्याचे दिवस संपले हे मी आण्णांना गोड शब्दांत सांगितलं. आण्णांनी "बरं," म्हटलं आणि फळा ओल्या फडक्यानं नेहमीपेक्षा जास्त घासून पुसला. लोक फळ्यापाशी थांबेनासे झाले, तरी ते रोज लिहीत राहिले. इकडं सुनेच्या फोनवर ते स्वतः घरगुती औषधांचे व्हिडिओ बघत आणि तळपायाला कांद्याच्या चकत्या बांधून हिंडत. मी टोकलं तर म्हणाले, "त्यो डॉक्टर सोता सांगतोय. त्वांड दिसतंय की त्येचं!"

आणि मग मी तो दुधाचा व्हिडिओ ग्रुपवर ढकलला.

व्हिडिओत कुणीतरी कुठंतरी बादलीत पांढरी पावडर घुसळून फेस काढत होतं. माणूस कोण, गाव कुठलं, भाषा कुठली, काही कळत नव्हतं. पण नुसता व्हिडिओ पाठवणं माझ्यासारख्या अभ्यासकाला शोभलं नसतं. म्हणून मी वर लिहिलं : ‘आपल्या भागातही हे सुरू असल्याचे समजते. सावध राहा.’ कुणाला समजलं, हे मलाही समजलेलं नव्हतं. पण वाक्य भारदस्त होतं. हात जोडलेली चित्रं धडाधड आली. मला वाटलं, समाजसेवा झाली.

आमच्या गल्लीत दूध घालणारी एकच, गंगाक्का. मूळची बेळगुंदीची. नवरा गेल्यावर मागच्या बोळात दोन म्हशी सांभाळून तिनं घर चालवलं होतं. ती ग्रुपवर नव्हती. तिच्याकडं तसला फोनच नव्हता. त्यामुळे सकाळी दारं का उघडत नाहीत आणि उघडली तर "पाहुणे गेले, आता नको," असं बहुतेक घरं एकाच सुरात का म्हणतात, हे तिला कळेना. जवळजवळ भरलेली किटली तशीच परत जायला लागली. शेवटी ती आण्णांकडं गेली. आण्णा घरोघर ‘बघितलास काय ऐकलास’ करत फिरले आणि माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"दुधात भेसळ हाय म्हणून तू सांगितलास?"

"मी नाही आण्णा, ग्रुपवर आलं होतं."

"ग्रुप म्हंजे कुणाचा पोरगा?"

"तसं नसतं ते. फॉरवर्ड असतं."

"चल फळ्याकडं."

फळ्यापाशी आण्णांनी जे केलं ते त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. वरचा सगळा फळा कोरा ठेवून त्यांनी तळाला रेघ मारली आणि लिहिलं : ‘सांगणार : सुभाष मास्तर’. मग खडू माझ्यापुढं धरला. "आता वर काय लिवू, सांग."

सगळी गल्ली जमली. कोऱ्या फळ्याखाली आपलं नाव बघणं यासारखी दुसरी शिक्षा नाही. ग्रुपवर दीडशे माणसांना बेधडक सांगणारा मी, त्या फळ्यापुढं चपलेच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिलो. तेवढ्यात गंगाक्का किटली घेऊन आली.

"मास्तर, माज्या दुधात मी काय घातलोय म्हणं?"

"काही नाही आक्का. तुमचं नावसुद्धा घेतलं नव्हतं मी."

"गल्लीत दूध घालणारी दुसरी कोण हाय? तुमी नाव घेऊ नगा, लोक घेत्यात की."

इथं शहाण्या माणसानं ‘चुकलो’ म्हणून घरी जावं. पण माझ्या अंगात व्याख्याता संचारला. "आण्णा, सर्वांसमक्ष पुरावा देतो!" म्हणून मी गंगाक्काच्या हातून तांब्याभर धारोष्ण दूध घेतलं आणि एका दमात रिकामं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघा-तिघांनी व्हिडिओ काढला. मी मिशी पुसली.

गडबडीत मी एक गोष्ट विसरलो होतो. लहानपणापासून मला दूध पचत नाही.

दुपारपर्यंत माझी अवस्था अशी झाली की बायकोनं रिक्षा बोलावली. चहातलं थेंबभर दूध सोडलं तर या गृहस्थाला काही चालत नाही, हे ती रिक्षावाल्याला, डॉक्टरांना आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होती. संध्याकाळी ग्रुपवर जोड-व्हिडिओ आला : आधी मी दूध पितोय, मग मला दोघं धरून रिक्षात घालताहेत. खाली एवढंच : ‘बघा आणि ठरवा.’ त्या ग्रुपवर आलेला हा पहिला संपूर्ण खरा व्हिडिओ. दोन्ही दृश्यांत काडीचं खोटं नव्हतं. चोरून दूध घेणारी जी चार घरं उरली होती, तीही बंद झाली.

गंगाक्का मला बघायला आली. ती भांडेल म्हणून मी पांघरूण डोक्यावरनं घेतलं होतं. पण तिनं उशाशी मोसंबी ठेवली. "मास्तर, एवढं ऐका. तुमी माजं बरं कराय जाऊ नगा." मग दाराशी थांबून म्हणाली, "थोरली म्हस इकाय काढलोय. गिऱ्हाईक सोमवारी येणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर ओळ होती : ‘आज गंगाक्काचं दूध प्यालो. बरा आहे. सांगणार : परशराम (पिऊन).’

तिसऱ्या दिवशी : ‘आजही प्यालो. आजही बरा आहे.’ त्यानंतर : ‘आज सर्दी आहे. ती दुधाची नव्हे, पुतण्याच्या लग्नातल्या आइस्क्रीमची.’ मग : ‘सकाळी दूध प्यालो. दुपारी सुनेशी भांडलो. ताकद आहे.’ लोक पुन्हा फळ्यापाशी थांबायला लागले, हसायला लागले. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. तिथून तो शेजारच्या अनगोळला गेला, तिथून कुठं कुठं गेला. लोक फळ्यापुढं उभे राहून सेल्फी काढू लागले, आणि आलेला माणूस तसाच कसा जाणार, म्हणून गंगाक्काचं दूध घेऊन जाऊ लागले. सोमवारी म्हशीचं गिऱ्हाईक आलं ते चहा पिऊन परत गेलं.

मी अर्थातच हे सगळं ‘वरदान’वाल्या शेवटच्या पानात घालून टाकलं. आण्णांना ते पटलं नाही. "फोननं न्हाय रं, माज्या पोटानं झालं त्ये." हे म्हणताना ते सुनेला हळूच, म्हणजे गल्लीभर ऐकू जाईल असं, विचारत होते, "गं, आज बदाम किती पडले?" बदाम म्हणजे फोटोखालचे लाल बदाम. कमी पडले तर त्या दिवशी जेवण जात नसे.

एकदा मी त्यांना डिवचलं. "आण्णा, तुमच्या काळात खोटं नव्हतं म्हणता. मग माझ्या निकालाचं काय?"

आण्णा जरा गप्प झाले. त्यांचं गप्प होणं म्हणजे माग बंद पडल्यासारखं. सगळं एकदम ऐकू यायला लागे. "हुतं की खोटं," ते म्हणाले. "पण वसंताला दार हुतं. तुजी आई जाऊन बडवली न्हवं? तुज्या गुरुपाला दार कुठं हाय, दाव. मी बी येतो बडवाय."

गेल्या थंडीत एका सकाळी ग्रुपवर आलं, ‘आज फळ्यावर काही नाही. आण्णा गेले म्हणे.’ त्याखाली भराभर फुलं, दिवे, हात. आणि त्या फुलांमध्ये कुणीतरी लिहिलेलं : ‘रोज तेच दूध प्यायचे ना?’

मी उत्तर लिहायला घेतलं, अर्ध्यात पुसलं आणि चपला घातल्या. आण्णा झोपेतच गेले होते. सून म्हणाली, डॉक्टर येऊन गेले. वय झालं होतं, हृदय थकलं होतं. काल सकाळी मात्र पेलाभर दूध पिऊन "झ्याक हाय," म्हणाले होते. उशाशी अंगरख्याच्या खिशात खडू होता. तो मी मागून घेतला.

फळ्यापाशी गंगाक्का भरलेली किटली घेऊन उभी होती. आण्णांच्या घराची पायरी चढायचं तिचं धाडस होत नव्हतं. कुणीतरी तिला ग्रुपवरचं ते वाक्य वाचून दाखवलं होतं.

"मास्तर, लिवा," ती म्हणाली. मी खडू टेकवला तेवढ्यात तिनं माझा हात धरला. "बघितलासा काय ऐकलासा?"

"बघून आलो आक्का."

मी लिहिलं : ‘परशराम आण्णा गेले. वय झालं होतं. काल सकाळी गंगाक्काचं दूध प्याले, झ्याक आहे म्हणाले.’ खाली रेघ मारली, माझं नाव घातलं. लोक वाचत होते. पण ‘झ्याक आहे’ म्हणणारा आता नव्हता, आणि लोकांची नजर फळ्यावरून किटलीकडं जात होती. मी तांब्या मागितला. गंगाक्का "नगो, नगो," म्हणेपर्यंत रिकामा केला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली : ‘आजचं मी प्यालो. बरा आहे. सांगणार : सुभाष (पिऊन).’

तेव्हापासून ती ओळ मी रोज सकाळी लिहितो. गंगाक्काच्या दोन्ही म्हशी आहेत. त्या ओळीतला पूर्वार्ध संपूर्ण खरा आहे. उत्तरार्धाबद्दल कुणाला शंका असेल तर खाली नाव आहे, घर कुणीही दाखवेल. दार जरूर बडवावं. फक्त थोडं थांबावं लागेल. त्या वेळी मी सहसा आतल्या दुसऱ्या दाराआड असतो.