बापूकाकांची काठोकाठ वाटी

बापूकाका गेल्याचा फोन काकूंनी स्वतः केला, मोझेल नदीकाठच्या एका कॅम्पिंगवरून. आवाज स्थिर होता. "अरे विनय, ह्यांनी गाडी लावली, वाटी पाहिली, 'बरोबर आहे' म्हणाले आणि खुर्चीत टेकले... ते उठलेच नाहीत." मी ऑफिसातून तसाच निघालो. या गोष्टीला आता महिना उलटून गेला आहे. दुःख जसं ओसरायचं तसं ओसरेल. पण त्यानंतर जे पाहिलं त्याची शिसारी काही केल्या जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

काका लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात इंजिनियर होते. युरो आला त्या वर्षी ते निवृत्त झाले, राहता फ्लॅट विकला आणि एक वोनमोबिल घेतलं. म्हणजे स्वयंपाकघर, पलंग, संडास सगळं आत असलेली गाडी. सुट्टीपुरती नव्हे, कायमची राहायला. मी आकड्यांचा माणूस. मी आधी वजन विचारलं. "साडेतीन टनांच्या आत," काका म्हणाले, "तुझ्या काकूचं लोणचं धरून." काकू आतून म्हणाल्या, "आणि ह्यांची हत्यारं वगळून!" जर्मनीत माणसाला घर नसलं तरी एक वेळ चालेल, नोंदवलेला पत्ता मात्र लागतोच. त्यांच्या मुलाने, अभयने, "उगाच कटकट नको" म्हणून हायडेलबर्गचा आपला पत्ता दिला नाही. मग त्यांची आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, न्युरेम्बर्गला माझ्या घरी झाली. आडनाव एकच, त्यामुळे टपालपेटीवरची पाटीसुद्धा बदलावी लागली नाही.

आता वाटीबद्दल. गाडी उभी करताना ती समतल असावी लागते, नाहीतर गॅसवरचा फ्रिज नीट चालत नाही आणि झोपेत माणूस एका बाजूला घसरतो. बाकीचे लोक त्यासाठी पाणसळ वापरतात. काकांकडेही चांगली जर्मन पाणसळ होती, पण ती खणातच राहिली. काकू टेबलावर स्टीलची वाटी काठोकाठ पाण्याने भरून ठेवायच्या आणि काका चाकांखाली पाचरी सरकवून गाडी इंचाइंचाने वर चढवायचे. "अहो, डावं अजून थोडं... अजून... बास!" पाणी सांडलं नाही की काका आत येऊन स्वतः पाहायचे, "बरोबर आहे" म्हणायचे आणि मगच चहा व्हायचा. मी एकदा पाणसळीची आठवण केली तर म्हणाले, "पाणसळ मी एकट्याने बघू शकतो. मग हिने काय करायचं?" काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "गाडी तिरकी असली की धिरडं एका बाजूला जाड होतं. ह्यांना ते चालत नाही, एवढंच आहे ते."

नॉर्वेपासून सिसिलीपर्यंत ते हिंडले, पण सुट्ट्या लागल्या की गाडी घरच्या माणसांकडे वळायची. उन्हाळ्यात बोडेनसे तळ्याकाठी अभयचं कुटुंब हॉटेलात उतरायचं आणि हे दोघं कॅम्पिंगवर. 'सगळे मिळून सुट्टी' असं त्याचं नाव. प्रत्यक्षात संध्याकाळी नातवंडं गाडीत सोडून अभय आणि त्याची बायको जेवायला बाहेर जायचे. काकू वरणभात कालवायच्या, काका पत्ते पिसायचे. मुलं जर्मनमध्ये भांडायची, हे मराठीत निवाडा द्यायचे. एकदा आम्हीही तिथे होतो. मी काकांना म्हटलं, तुमचं फुकटचं पाळणाघर करून ठेवलंय. ते म्हणाले, "विनय, प्रत्येक गोष्टीची बेरीज करू नये."

एका दिवाळीला आम्ही सगळे अभयच्या घरी जमलो होतो. घरासमोर गाडीला पुरेशी जागा होती. मला अंदाज बरोबर येतो. अभय बाहेर आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, गाडी तिकडे सुपरमार्केटच्या मागे लावा ना. शेजारी विचारतात... त्यांना वाटतं तुम्हाला घर नाही." काका "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत गाडीत चढले. मी सोबत गेलो. ती जागा उताराची होती. होत्या नव्हत्या तेवढ्या पाचरी घातल्या, तरी वाटीतलं पाणी सांडतच राहिलं. मी चिडलो तर काका हसून म्हणाले, "अरे, उतार अभयचा नाही, म्युनिसिपालिटीचा आहे." त्या उतारावर ती दोघं तशीच झोपली आणि सकाळी चिरोट्यांचा डबा घेऊन मुलाकडे चालत आली. चिरोटे सगळ्यांनी खाल्ले.

शोकसभा अभयनेच ठेवली. भाड्याचा हॉल, प्रोजेक्टर, गाडीचे मोठमोठे फोटो. "बाबांनी आम्हाला स्वातंत्र्य शिकवलं," अभय गहिवरून म्हणाला. "ही गाडी म्हणजेच बाबा." टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! मग वडे आणि कॉफी. एक गृहस्थ बशी घेऊन माझ्याजवळ आले. "तुम्ही पुतणे ना? आकडे तुम्हाला माहीत असतील, असं अभय म्हणाले. किती चालली आहे हो ती गाडी? जाहिरातीत किलोमीटर दिलेले नाहीत." तेरावा व्हायच्या आत अभयने इंटरनेटवर गाडीची जाहिरात टाकली होती. आकडा मला माहीत होता. मी म्हटलं, "माहीत आहे, पण सांगणार नाही." पलीकडे बसलेल्या काकूंनी वर पाहिलं. "कुठली गाडी?"

अभय धावत आला. "आई, तू चालवत नाहीस. ती ठेवून काय करायचं? आमची तळघरातली खोली रिकामीच आहे, तुला छान होईल." काकू म्हणाल्या, "चालवायचीय कोणाला? मला तिच्यात राहायचंय." "आल्झो, अगं आई, लोक काय म्हणतील!" मघाशी जी गाडी म्हणजे बाबा होती, ती एका वड्याच्या अवकाशात लाज झाली होती. मी एवढंच म्हटलं, "गाडी सहा मीटर नव्वद आहे. माझ्या अंगणात सात मीटर वीस आहेत. पत्ता तर आधीपासूनच तिथला आहे." अभय हे वाचेल. वाचू दे.

गाडी मीच चालवत आणली. अंगणाच्या फरशीला, पाणी वाहून जावं म्हणून, मीच उतार ठेवून घेतला होता. मी पाचरींवर चाक चढवत होतो आणि आतून आवाज येत होता, "विनय, अजून थोडं... बास!" काकू जेवायला घरात येतात, झोपायला गाडीत जातात. त्यानंतर गाडी हललेली नाही. तरी रोज संध्याकाळी त्या वाटी काठोकाठ भरून टेबलावर ठेवतात. परवा मी बोललो, "काकू, ती जागची हललेलीच नाही हो." "माहीत आहे रे... बघायला काय जातंय?" त्या जराशा वाकल्या, पाणी शांत होईपर्यंत पाहत राहिल्या आणि हलकेच म्हणाल्या, "बरोबर आहे." मग चहा ठेवला.